नऊ मैलांत तीस वर्षं आयुष्य कमी? वस्ती आणि बाळाचं वजन, संबंध काय?

निशिगंध_शिकागो

नमस्कार मंडळी, चार-पाच वर्षांनी धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी शिकागोच्या पश्चिमेच्या सबर्बमध्ये राहते आणि शहरातल्या एका हॉस्पिटलसाठी बिलिंग-कोडिंगचं काम करते. पेशंटचं तोंड कधी दिसत नाही, पण कागद सगळे डोळ्याखालून जातात. आधी माझ्याकडे सबर्बमधल्या क्लिनिकचे कागद यायचे, गेल्या वर्षीपासून साउथ साइडचे, म्हणजे शहराच्या दक्षिणेकडच्या, बहुतेक काळ्या आणि गरीब वस्तीतले यायला लागले आणि मी हबकलेच. अठ्ठाविसाव्या आठवड्यात झालेलं बाळ, बत्तिसाव्यात झालेलं, वजन दीड किलो, काचेच्या पेटीत सहा आठवडे, आईचं बीपी गगनाला, आणि आईचं वय बघावं तर सव्वीस, एकोणतीस. अशी एखादी केस कुठेही असतेच हो, पण इथे रोज. आता अशी सवय झालीये की पत्त्याचा झिपकोड वाचला की पुढे काय लिहिलेलं असणार ते आधीच मनात येतं, आणि तसं आलं की स्वतःचीच लाज वाटते.

परवा मंडळाच्या गणपतीत पंगतीला बसलो असताना हा विषय काढला तर एक काका म्हणाले, अगं त्या लोकांची लाइफस्टाइलच तशी, चिप्स खायच्या सोडा प्यायचा आणि डॉक्टरकडे जायचं नाही. नवरा म्हणाला जीन्स असतील. मला उत्तर देता आलं नाही पण पटलंही नाही, कारण कागदात मला स्पष्ट दिसतं की या बायका तपासणीला आलेल्या असतात, दोन-दोन बस बदलून आलेल्या असतात, वेळ चुकली तर तीही नोंद असते, 'बस उशिरा आली' म्हणून.

घरी येऊन शोधलं तर हे सापडलं. २०१९ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या लोकांनी अमेरिकेतल्या शहरांचे आकडे काढले होते, त्यात शिकागोचा फरक सगळ्यात मोठा निघाला. डाउनटाउनजवळच्या स्ट्रीटरव्हिलमध्ये सरासरी आयुर्मान साधारण ९० आणि साउथ साइडच्या एंगलवूडमध्ये ६०. मध्ये अंतर नऊ मैल! म्हणजे आपलं दादर ते विक्रोळी धरा.

माझा प्रश्न साधा आहे, वस्ती पोटातल्या बाळापर्यंत पोचते कशी? म्हणजे नेमकं काय होतं? मला स्वतःला पाचवा महिना चालू आहे, त्यामुळे असेल, पण हे डोक्यातून जातच नाहीये.

टोलनाका

अभिनंदन ताई, आधी काळजी घ्या, आणि ते काम जमलं तर थोडे दिवस दुसऱ्या कुणाला द्या.

तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर माझ्या गाडीच्या काचेला चिकटवलेलं आहे, गंमत नाही करत. मी एडिसनला, न्यू जर्सीत. इथे टोलसाठी ई-झेडपास असतो, आपल्याकडच्या फास्टॅगचा थोरला भाऊ. तो यायच्या आधी टोलनाक्यावर गाड्यांची रांग लागायची, थांब-चल थांब-चल, सगळा धूर तिथेच. मग पास आला, रांगा गेल्या. जॅनेट करी आणि रीड वॉकर या दोन अर्थशास्त्रज्ञांना एक भन्नाट कल्पना सुचली, त्यांनी न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या टोलनाक्यांच्या आसपासच्या जन्मनोंदी काढल्या, नाक्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आया एकीकडे आणि त्याच रस्त्यालगत पण दोन ते दहा किलोमीटरवर राहणाऱ्या दुसरीकडे. पास आल्यावर जवळच्या आयांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं जवळपास ११ टक्क्यांनी कमी झाली आणि कमी वजनाची बाळं जवळपास १२ टक्क्यांनी. २०११ साली छापून आलंय.

आता सांगा, त्या बायकांनी चिप्स सोडल्या का? जीन्स बदलले का? काहीच नाही, त्यांच्या घरासमोर गाड्या थांबायच्या बंद झाल्या एवढंच. आणि कुणाला बाळाचा विचार करून ते करायचंही नव्हतं, आमच्यासारख्यांना ऑफिसला लवकर पोचता यावं म्हणून केलं. मी रोज सकाळी तो टोल ओलांडतो, हे वाचल्यापासून नाक्याशेजारच्या त्या बिल्डिंगा दिसायला लागल्या, आधी बारा वर्षं दिसल्याच नव्हत्या.

स्पष्टवक्ता

लेख छान पण मला वाटतं तुम्ही सगळे एकाच बाजूने वाहत चाललाय. धूर वगैरे मान्य. पण मी स्वतः लालबागला चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत वाढलो, आम्ही पाच भावंडं, संडास कॉमन, गिरणीचा भोंगा आणि धूर दोन्ही फुकट, सगळे धडधाकट आहोत. आई शिस्तीची होती म्हणून. आणि दुसरं, ज्यांना आयुष्यात काही करायचं असतं ते वाईट वस्तीतून बाहेर पडतात, उरतात ते उरतात. मग उरलेल्यांची तब्येत मोजायची आणि वस्तीला दोष द्यायचा, हे उलटं नाही का? राग मानू नका, नावच स्पष्टवक्ता आहे.

(आणि काळ्या लोकांत वजन कमी असणं हे आनुवंशिक असू शकतं, हे बोललं की लगेच अंगावर येऊ नये ही विनंती.)

टोलनाका

@स्पष्टवक्ता, अंगावर कशाला येऊ, 'उरतात ते उरतात' हा मुद्दा खरा आहे आणि संशोधकही त्याच्यावरच डोकं फोडतात. म्हणून तर अमेरिकन सरकारने चक्क लॉटरी काढली. १९९४ ते ९८ मध्ये, पाच शहरांत, शिकागो त्यातलंच एक. सरकारी घरकुलांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांची नावं चिठ्ठीसारखी काढली, काहींना कमी गरिबीच्या भागात भाड्याने जायला मदत दिली, काहींना नाही. म्हणजे कोण धडपड्या कोण आळशी हा प्रश्नच निकालात, चिठ्ठीने ठरवलं. दहा-पंधरा वर्षांनी बायकांना तपासलं तर मदत मिळालेल्यांमध्ये अति लठ्ठपणा आणि डायबेटिस कमी. कमाईत मोठ्या माणसांच्या फारसा फरक पडला नव्हता बरं का, खिसा तोच राहिला नि साखर उतरली. आणि गरोदर बाईचा डायबेटिस आणि वजन म्हणजे बाळंतपणावर थेट परिणाम, ते डॉक्टर लोक सांगतील.

चाळीबद्दल, तुमच्या चाळीत शेजारीण तुमच्या आईला बाळंतपणात डबा आणून द्यायची की नाही? ती पण वस्तीच झाली की.

डॉ_आजोबा

मी बालरोगतज्ज्ञ, आता निवृत्त, पुण्यात असतो. काचपेट्यांच्या खोलीत आयुष्य गेलं, त्यामुळे राहवलं नाही.

आनुवंशिकतेचा प्रश्न विचारला त्यात गैर काहीच नाही, पण त्याचं उत्तर मिळून जमाना झाला आणि गंमत म्हणजे ते धागाकर्त्या ताईंच्याच राज्यात मिळालं. रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स, दोघे शिकागोतले नवजात बालकांचे डॉक्टर. त्यांनी इलिनॉयमधले १९८० ते १९९५ चे जन्मदाखले घेऊन तीन गट पाडले. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या आया, अमेरिकेत जन्मलेल्या काळ्या आया, आणि आफ्रिकेत जन्मून इथे आलेल्या काळ्या आया. जीन्सचा खेळ असता तर आफ्रिकेतून आलेल्यांची बाळं सगळ्यात हलकी भरायला हवी होती, कारण अमेरिकन काळ्यांमध्ये युरोपियन रक्त थोडंफार मिसळलेलं आहे. निघालं काय? गोऱ्यांची सरासरी ३,४४६ ग्रॅम, आफ्रिकेतून आलेल्यांची ३,३३३, आणि अमेरिकेत जन्मलेल्या काळ्या आयांची ३,०८९. आफ्रिकेतून आलेली बाई गोरीच्या जवळ, आपल्याच वंशाच्या अमेरिकन बाईपासून लांब. १९९७ चं हे काम. मग त्यांनी पुढची पिढी पाहिली, २००२ मध्ये ते आलं. युरोपातून आलेल्या गोऱ्या बायकांच्या लेकींना झालेली बाळं आणखी वजनदार, आणि आफ्रिका-कॅरिबियनमधून आलेल्यांच्या लेकींची बाळं आधीपेक्षा हलकी. लेक अमेरिकेत जन्मली, अमेरिकेत वाढली, रक्त आईचंच, आणि तरी वजन उतरलं. मी हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा वॉर्डमध्ये राउंड घ्यायचा राहिला होता, तसाच बसून राहिलो.

आता 'पोचते कशी' हा ताईंचा मूळ प्रश्न. वाटा बऱ्याच आहेत आणि सगळ्या एकदम चालू असतात. धूर झालाच, हवेतले बारीक कण रक्तात उतरतात आणि वारेला, म्हणजे प्लासेंटाला, सूज आणतात. मग संसर्ग, लघवीचा, योनिमार्गाचा, दातांचासुद्धा. मग रक्तदाब. आणि सगळ्यांच्या मुळाशी सततचा ताण. ताण म्हणजे परीक्षेचा ताण नव्हे, तो येतो आणि जातो. भाडं थकलंय, पोरगा अजून घरी आला नाही, दुकानात गेलं की वॉचमन मागे मागे फिरतो, असा रोजचा, न संपणारा. त्याने कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढं राहतं, आणि वार त्या कॉर्टिसॉलला दबून न जाता उलट स्वतःचं एक संप्रेरक जास्त सोडायला लागते, जे प्रसूतीचं घड्याळ भराभर पळवतं. घड्याळ पुढे गेलं की बाळ लवकर. अर्लीन जेरोनिमस नावाच्या बाईंनी १९९२ मध्ये हेच वेगळ्या अंगाने मांडलं, की गोऱ्या बायकांना विशीच्या मध्यावर मूल होणं सगळ्यात सुरक्षित असतं, पण काळ्या बायकांमध्ये विशी उलटायला लागली तशी जोखीम वाढतच जाते, शरीर वयाआधी झिजतं. ऊन-पावसाने लाकूड झिजतं तशी झीज, असाच शब्द त्यांनी वापरला. ताई, तुमच्या कागदातल्या सव्वीस-एकोणतीस वर्षांच्या आया आणि त्यांचं बीपी, ते हेच.

भीतीचं तर आणखी थेट उदाहरण आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या सहा महिन्यांत कॅलिफोर्नियात अरबी नावाच्या बायकांमध्ये कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी वाढलं, बाकी कुठल्या गटात तसं वाढलं नाही. त्या बायकांच्या खाण्यात एका रात्रीत काय बदललं असेल, स्पष्टवक्ते सांगा बरं.

आणि तुमचा पाचवा महिना आहे म्हणून मुद्दाम सांगतो ताई, घाबरायला नाही. भारतीय बायकांची बाळं अमेरिकेतही हलकीच असतात, शिक्षण चांगलं, विमा चांगला, तपासण्या वेळेवर, तरीही. ते का, याचं काम आमच्या पुण्यात झालंय. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास केला. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचं ३.५ किलोचं. पण काड्या असूनही आपल्या बाळांच्या अंगात चरबी मात्र राखलेली, कमी पडले ते स्नायू आणि आतले अवयव. म्हणजे दिसायला बारीक, आतून जाड, आणि पुढे डायबेटिसला तयार. याचं एक कारण आजीच्या पोटापासूनचं, पिढ्यांचं कुपोषण. त्याच अभ्यासात दोन साध्या गोष्टी दिसल्या. हिरवी पालेभाजी, फळं, दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं मोठी, आणि शेतात राबणाऱ्या, विहिरीवरून पाणी आणणाऱ्या आयांची बाळं लहान. तुम्ही साखरेची तपासणी वेळेवर करा, पालेभाजी खा, आणि मंडळात भांडत बसू नका. 😀

स्पष्टवक्ता

डॉक्टरसाहेब, आफ्रिकेतून आलेल्या बायकांचा मुद्दा माहीत नव्हता. आनुवंशिकतेचं मी मागे घेतो. पण मग हे गरिबीचं म्हणा ना, वस्तीचं आणि वंशाचं कशाला? पैसा आला की सुटेल.

डॉ_आजोबा

सुटलं असतं तर बरं झालं असतं. कॅलिफोर्नियातल्या जन्मनोंदी आणि आयकराच्या नोंदी जोडून पाहिल्या तर सगळ्यात श्रीमंत काळ्या आयांच्या बाळांची परिस्थिती सगळ्यात गरीब गोऱ्या आयांच्या बाळांपेक्षा वाईट निघाली. सेरेना विल्यम्सला पैसा कमी होता का? २०१७ मध्ये सिझेरियननंतर तिला श्वास लागायला लागला, फुप्फुसात गुठळी होण्याचा त्रास तिला आधी होऊन गेलेला, ती स्वतः सांगत होती स्कॅन करा, तरी तिला हट्ट धरावा लागला. गुठळ्या निघाल्याच. अख्ख्या देशाचा २०२२ चा आकडा सांगतो, हजार जन्मांमागे गोऱ्यांची साडेचार बाळं वर्षाच्या आत दगावली, काळ्यांची जवळपास अकरा.

गोवंडीकर

मी इथे फक्त वाचायला येतो, लिहायची पहिलीच वेळ, टायपिंग चुकलं तर समजून घ्या.

तुम्ही सगळे शिकागो शिकागो करताय, वाचताना मला आमची गल्ली दिसत होती. मी गोवंडीत वाढलो, आई आशाताई आहे, म्हणजे घरोघर जाऊन गरोदर बायकांची नोंद करणारी. मुंबईचा २००९ चा मानव विकास अहवाल निघाला त्यात २४ वॉर्डांत आमचा एम-पूर्व एकदम तळाला. देवनारचं डम्पिंग १९२७ पासून आहे, म्हणजे आधी कचरा आला आणि मग माणसं आणून टाकली, कुठे रस्ता रुंद झाला, कुठे नाला, कुठे प्रकल्प, तिथून उचलून इकडे. कुणी हौसेने राहायला आलं नाही इथे. २०१६ च्या जानेवारीत डम्पिंग पेटलं तेव्हा सगळ्या मुंबईच्या बातम्यांत आलं कारण धूर लांबपर्यंत गेला, आमच्याकडे बारीक धूर तर बारा महिने असतो, त्याची बातमी होत नाही.

पाण्याचं सांगतो कारण डॉक्टरसाहेबांनी विहिरीचं लिहिलं. आमच्या बाजूला नळ कायदेशीर मिळायचा तर झोपडी अमुक सालाच्या आधीची पाहिजे, नाहीतर नाही. २०१४ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी पाणी द्यावं लागेल, माणूस पाण्याशिवाय जगत नाही. निकाल आला, पाणी यायला वेळ लागतो. आमच्या गल्लीत रात्री दीड-दोनला यायचं, तेही पाऊण तास. हंडा कोण भरणार? पुरुष सकाळी कामावर जाणार म्हणून झोपलेला, मग बाई. सातवा महिना असो की आठवा. माझ्या मोठ्या बहिणीचं तसंच झालं, पहाटे कॅन घेऊन चढताना पोटात कळ आली, जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं तर तिथे म्हणाले इथे सोय नाही पुढे न्या, पुढच्या ठिकाणी म्हणाले कागद कुठेत, रिक्षात दोन तास. मुलगी झाली, १ किलो ४००. वाचली, आता नववीत आहे, चष्मा लागलाय, पण वाचली.

आणि आईची डायरी बघितलीत तर तुमच्या बिलिंगच्या कागदासारखंच आहे ताई. प्रत्येक पानावर 'रक्त कमी'. गोळ्या देते ती, लोहाच्या. बायका घेत नाहीत म्हणून सगळे बायकांना बोलतात. आईने एकदा बसून विचारलं तर एक बाई म्हणाली, गोळीने पोट बिघडतं आणि संडासला जायचं तर पैसे देऊन रांग लावायची, रात्री तर जायचंच नाही, मग गोळी कशी घेऊ. त्यानंतर आई गोळीवरून कुणाला ओरडली नाही.

बिल्डिंग दिली म्हणजे सुटतं असंही नाही. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड, पुनर्वसनाच्या बिल्डिंगा, दोन बिल्डिंगांत अंतर तीन मीटर. खालच्या मजल्यांवर दुपारी बाराला लाइट लावावी लागते. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी २०१८ मध्ये अभ्यास केला तर खालच्या, ऊन-वारा न पोचणाऱ्या घरांत टीबी जास्त. आणि टीबी झालेल्या घरात गरोदर बाई असली की पुढचं मी सांगायला नको.

@स्पष्टवक्ता काका, राग नाही, पण 'उरतात ते उरतात' हे वाचून थोडं लागलं. मी बाहेर पडलो, ठाण्यात राहतो आता. पण तीन ठिकाणी पत्ता सांगितल्यावर भाड्याने घर नाही म्हणाले, आडनाव सांगितल्यावर आणखी दोन. माझ्या पगारात काही कमी नव्हतं.

स्पष्टवक्ता

दादा, माफ करा. ते वाक्य नको होतं लिहायला.

जुनं_खोड

गोवंडीकरांचं शेवटचं वाचून पन्नास वर्षांपूर्वीचं आठवलं, लिहूनच टाकतो.

मी १९७३ मध्ये शिकागोला आलो, इंजिनियर. दोन वर्षांनी घर घ्यायचं ठरवलं. घर दाखवणारा एजंट आम्हा उभयतांना गाडीत घालून फिरवायचा आणि एका ठरावीक रस्त्यापुढे गाडी न्यायचाच नाही. मी म्हटलं तिकडे घरं स्वस्त आहेत, छान विटांची आहेत, झाडं आहेत. तो हसून म्हणाला, तुम्हाला तिकडे नाही आवडणार. तेव्हा मला वाटलं किती काळजी घेतो आमची! कायद्याने हे तेव्हा बंद झालेलं होतं, १९६८ चा कायदा, पण कायदा कागदावर आणि गाडी रस्त्यावर.

मुळात ही वाटणी आपोआप झालेली नाही. १९३० च्या दशकात सरकारने घरकर्जासाठी एक महामंडळ काढलं, त्यांनी शहराशहरांचे नकाशे रंगवले, हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे धोकादायक, कर्ज देऊ नका. काळी वस्ती असली की रंग लाल, मग घरं कितीही नीटनेटकी असोत. कर्ज नाही म्हणजे दुरुस्ती नाही, दुकान नाही, मग शाळा खंगणार कारण इथे शाळेचा पैसा घरपट्टीतून येतो, मग दवाखाना बंद. मग हायवे काढायचा तर जमीन स्वस्त कुठे, तिथेच. डॅन रायन एक्सप्रेसवे मी आलो तेव्हा दहाएक वर्षांचा होता, त्याला खेटून सोळा-सोळा मजली अठ्ठावीस सरकारी इमारती, रॉबर्ट टेलर होम्स, सगळी काळी कुटुंबं. मी रोज तिथून जायचो. टोलनाकावाल्यांसारखंच, दिसायचं आणि दिसायचं नाही. २००७ पर्यंत त्या सगळ्या पाडल्या.

नकाशे कधीच रद्दीत गेले पण रंग उतरला नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१३ ते २०१७ चे जन्म त्या जुन्या नकाशावर बसवून पाहिले, तर हिरव्या भागात अपुऱ्या दिवसांची बाळं ५ टक्के आणि लाल भागात ७.३ टक्के. ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी रंगीत पेन्सिल फिरवली आणि आजही तिथे जास्त बाळं वेळेआधी येतात.

आणि मी कुठे घर घेतलं? हिरव्या भागात. एजंटने दाखवलं तिथे. मुलांच्या शाळा चांगल्या मिळाल्या, घराची किंमत वीसपट झाली, त्यात दोघांची कॉलेजं झाली. आपण सगळे इथे घर घेताना स्कूल रेटिंग बघतो ना, दहापैकी नऊ, दहापैकी तीन? तो तोच नकाशा आहे, फक्त रंगाऐवजी आकडा लिहिलाय. मंडळाच्या पंगतीतले ते काका मीही असू शकलो असतो, खरंतर वीस वर्षांपूर्वी असेच काहीबाही बोललोही असेन.

माळावरचा

जुनं_खोड काका, आमच्याकडे नकाशा काढायलाही सरकार लागलं नाही. मराठवाड्यातलं गाव माझं, पाऊस झाला की गावातून वस्तीकडे जायचा ओढा भरतो, १०८ ची गाडी ओढ्याच्या अलीकडे थांबते आणि बाईला बाजेवर घालून चौघे आणतात. ओढ्यावर पूल का नाही तर पलीकडे कोण राहतं ते बघा.

शहरात गेलं की जात सुटते म्हणतात, तर पंधरा लाख वस्त्यांचे आकडे काढून काही अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये दाखवलंय की भारतातल्या शहरांत दलित आणि मुसलमान अमेरिकेतल्या काळ्यांच्या जवळपास इतकेच वेगळे राहतात, आणि ज्या वस्तीत ते जास्त तिथे सरकारी शाळा, दवाखाना, नळ, गटार कमी. एकाच शहरात. जास्त लिहीत नाही, गाडीची वेळ झाली.

निशिगंध_शिकागो

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं, शनिवारी सकाळी चहा गार झाला वाचताना.

नवऱ्याला वाचायला दिलं. त्याने टोलनाक्याचं वाचलं, मग डॉक्टर आजोबांचं, मग बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला आपल्या घराचा पत्ता त्या जुन्या नकाशात बघूया का. बघितला. आमचा सबर्ब तेव्हा नव्हताच, शेत होतं मक्याचं. पण साउथ साइडचे माझ्या कागदातले झिपकोड बघितले, आणि लाल. सगळे नाही, दोन पिवळे होते, पण बहुतेक लाल.

मी ऑफिसात एक गोष्ट केली, फार काही नाही. कोडिंगमध्ये आजारांच्या कोडांबरोबर घराची अडचण, खाण्याची अडचण, वाहनाची अडचण यांचेही कोड असतात, झेडने सुरू होणारे. बिलाचे पैसे त्याने सहसा वाढत नाहीत म्हणून कुणी टाकत नाही, मीही टाकत नव्हते. नर्सच्या टिपणात 'बस उशिरा आली, तपासणी चुकली', 'घरात हीटर बंद' असं स्पष्ट लिहिलेलं असतं तेव्हा आता मी तेही टाकते. सुपरवायझरने विचारलं कशाला वेळ घालवतेस, मी म्हटलं नियमात बसतं. तिने खांदे उडवले. गेल्या महिन्यात माझ्या एकटीच्या कागदांत वाहनाचा कोड एकेचाळीस वेळा आला.

साउथ साइडच्या काही हॉस्पिटलांनी २०१९-२० च्या सुमारास बाळंतपणाचे वॉर्डच बंद केले हेही मला आता कळलं, म्हणजे दोन बस का लागतात ते कळलं.

@गोवंडीकर, तुमच्या भाचीला माझ्याकडून शाबासकी सांगा. आणि एक विचारायचं राहिलं, पाणी आता किती वाजता येतं?

गोवंडीकर

सांगतो ताई. बहिणीकडे आता पहाटे साडेचारला येतं, तासभर. मोटर लावलीये, वर्गणी काढून. भाची भरते, मग शाळेत जाते.

डॉ_आजोबा

ताई, साखरेची तपासणी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत. विसरू नका, इथे कळवा.